आवाज कुणाचा, कव्हर कुणाचं?

गाण्यांच्या रेकॉर्डींच्या 'सर्वोत्कृष्ट कव्हरां'च्या याद्या दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे छापून येतात. रॉक, जॅझ, पंक, हिप-हॉप असे कप्पे पाडायचे, प्रत्येकातली चार-चार कव्हरं शेजारी शेजारी मांडायची आणि रंग, अक्षरांचं वळण, कल्पकता यांवर गुण द्यायचे. पिंक फ्लॉइडचा १९७३ सालचा काळ्या पार्श्वभूमीवरचा लोलक आणि बीटल्सचे चौघे रस्ता ओलांडतायत ते १९६९ सालचं चित्र, ही दोन तर कधी चुकत नाहीत. माझं या याद्यांशी भांडण आहे. चित्रं वाईट आहेत असं मी म्हणत नाही. तो लोलक मलाही आवडतो. भांडण आहे ते मोजपट्टीशी.

कव्हर म्हणजे शेवटी काय? आत कुणाचा आवाज आहे हे बाहेर सांगणारा कागद. मग कव्हरांची तुलना करताना आधी विचारायला हवं की आत कोण गातंय, बाहेर कोण दिसतंय आणि नाव कुणाचं छापलंय. हे तीन प्रश्न हातात घेऊन त्या याद्या पुन्हा चाळा. क्रमांक उलटेपालटे होतात की नाही बघा.

कुणी म्हणेल, 'बेळगावात बसून या बाईला लंडन-न्यूयॉर्कच्या तबकड्यांची कशाला पंचाईत?' सांगते. जे तिकडे झालं तेच आपल्या अंगणात होतंय, आणि आपण हात जोडून बघतोय. तिथपर्यंत येतेच. आधी जरा बाहेरचं बघू.

मुळात सुरुवातीला कव्हर नव्हतंच. जुन्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकड्या साध्या जाड कागदाच्या पाकिटात यायच्या; मधलं लेबल वाचता यावं म्हणून पाकिटाला गोल भोक. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजानने रेकॉर्डिंग केलं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या. तिथल्या माणसांना कुठला आवाज कुणाचा हे कळावं म्हणून गाणं संपता संपता ती इंग्रजीत आपलं नाव सांगायची. कारण तसं व्यवहाराचं. पण परिणाम बघा! कागद फाटला, लेबल पुसलं, तरी बाईचं नाव तबकडीच्या खाचेतच कोरलेलं. एकशेवीस वर्षं झाली, ते पुसणं कुणाला जमलेलं नाही.

सचित्र कव्हर आलं ते १९४० मध्ये. अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण चित्रकार होता. त्याने आग्रह धरला की साध्या कागदाऐवजी चित्र छापू या. विक्री वाढली, मग सगळेच त्या वाटेने गेले. १९४८ मध्ये एलपी आली आणि चित्रकारांना बारा इंचांचा चौकोन मिळाला. त्या चौकोनात बाई आली, भरपूर आली. पण कशी आली?

१९६५ साली हर्ब अल्पर्टच्या वाद्यसंगीताची एक एलपी निघाली. कव्हरवर एक तरुणी, गळ्यापासून खाली फेसाळ क्रीमने माखलेली. क्रीम दिव्यांच्या उष्णतेने वितळतं, म्हणून प्रत्यक्षात बहुतेक सगळा दाढीचा फेस होता. डोलोरेस एरिक्सन हे तिचं नाव, आणि फोटो काढला तेव्हा ती गरोदर होती. लाखो प्रती खपल्या. आत वाजतायत ट्रम्पेट, तिचा एक स्वरही नाही. म्हणजे मिठाईच्या खोक्यावरचं चित्र जे काम करतं ते काम एका गरोदर बाईकडून करून घेतलं. रॉक-पॉपच्या याद्यांत हे कव्हर 'गमतीदार' म्हणून आजही असतं. मला गंमत सापडली नाही.

हेवी मेटलचं बघा. ब्लॅक सॅबथची १९७० सालची पहिली रेकॉर्ड. जुनी पाणचक्की, भकास झाडी आणि मध्ये काळ्या झग्यातली बाई, चेहरा फिकट. या संगीताचं आद्य चित्रच हे. पण ती बाई कोण? पन्नास वर्षं चाहते तर्क करत बसले. भूत आहे, चेटकीण आहे अशा गोष्टीही रचल्या. २०२० मध्ये तिचं नाव जगापुढे आलं, लुईझा लिव्हिंगस्टन. फोटो काढणाऱ्याचं नाव पहिल्यापासून ठाऊक, पाणचक्कीचं ठाऊक, बाईचं तेवढं नाही. दगड-मातीच्या इमारतीलाही पत्ता असतो हो!

लोकसंगीताच्या वळणाचा बॉब डिलन. त्याच्या १९६३ च्या कव्हरवर न्यूयॉर्कच्या थंडीत तो खांदे आवळून चालतोय आणि त्याच्या दंडाला बिलगलेली सूझ रोटोलो. लोकांनी वर्षानुवर्षं तिला 'डिलनची मैत्रीण' एवढंच म्हटलं. ती स्वतः चित्रकार, चळवळीतली, वाचणारी. डिलनला राजकारणाची गोडी लावण्यात तिचा वाटा होता. ते सांगायला तिला २००८ मध्ये स्वतःचं पुस्तक लिहावं लागलं. पंचेचाळीस वर्षांनी!

आता थोडं नग्नतेबद्दल, कारण या विषयावर बोललं की 'तुम्ही सोवळ्या बायका' असा शेरा लगेच येतो. १९६८ साली जिमी हेंड्रिक्सच्या 'इलेक्ट्रिक लेडीलँड'चं ब्रिटनमधलं कव्हर निघालं. त्यावर एकोणीस नग्न स्त्रिया बसवलेल्या. एवढ्या गर्दीत हेंड्रिक्सला स्वतःलाही ते नको होतं. त्याला हवा होता लिंडा ईस्टमनने काढलेला फोटो, न्यूयॉर्कच्या बागेतल्या अॅलिसच्या पुतळ्यावर वादक आणि लहान मुलं बसलेली. एका बाईने काढलेलं, पोरंबाळं असलेलं हसरं चित्र कंपन्यांनी बाजूला सारलं आणि ब्रिटनमध्ये एकोणीस अनामिक देह छापले.

मी सोवळेपणाने बोलत नाही. आम्ही श्रवणबेळगोळच्या बाहुबलीपुढे डोकं टेकवणारी माणसं. सत्तावन्न फुटांची ती मूर्ती निर्वस्त्र आहे, आणि हजार वर्षांत आया-बहिणींना, लेकी-सुनांना तिच्यापुढे उभं राहताना संकोच वाटलेला नाही. कारण तिथे काही विकायचं नाही, उलट सगळं सोडून दिलंय. नग्नता त्यागातूनही येते आणि दुकानदारीतूनही येते. हा फरक आमच्याकडची शाळकरी पोरगीसुद्धा सांगेल. तो कलासमीक्षकांना कळू नये?

जॅझवाल्यांची कव्हरं मात्र मला पुष्कळदा भावतात. ब्लू नोट कंपनीसाठी फ्रान्सिस वुल्फ वादकांचे फोटो काढायचा, प्रत्यक्ष वाजवत असताना, आणि रीड माइल्स ते एका-दोन रंगांत, ठळक अक्षरांत मांडायचा. कपाळावरचा घाम दिसतो, बोटं दिसतात, नाव मोठ्या अक्षरात असतं. ज्यांना त्या काळी अमेरिकेत कित्येक हॉटेलांत पुढच्या दाराने प्रवेश नव्हता, त्या काळ्या वादकांना या कव्हरांनी कामात गढलेला माणूस म्हणून दाखवलं. याला मी उत्तम कव्हर म्हणते.

पण जॅझमध्येही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५७ मध्ये माइल्स डेव्हिसच्या एका एलपीवर कंपनीने शिडाच्या होडीतली गोरी बाई छापली. डेव्हिस चिडला, माझ्या रेकॉर्डवर ही कशाला, म्हणाला. पुढे ते कव्हर बदललं. १९६१ मध्ये त्याने हट्टाने आपल्या पत्नीचा, फ्रान्सिस टेलरचा चेहरा कव्हरवर घेतला. काळ्या स्त्रीचं सौंदर्य असं मानाने छापून येणं तेव्हा दुर्मीळ होतं. इथवर वाचून टाळी वाजवावीशी वाटते. थांबा. ही फ्रान्सिस नावाजलेली नर्तकी होती. तिचं ब्रॉडवेवरचं काम त्याने सोडायला लावलं आणि घरात तिच्यावर हात उगारला. हे त्याने आत्मचरित्रात स्वतःच कबूल केलंय. ती अखेर घर सोडून गेली. कव्हरवर मान आणि घरात मार! म्हणून सांगते, नुसता चेहरा छापला की बाईचा सन्मान झाला, असं समजू नका. मखरात गौर बसवून मोलकरणीला शिव्या देणारी घरं आपण कमी पाहिली आहेत का?

आणि ज्या कव्हरला बहुतेक याद्यांत मानाचं पान मिळतं, ते बीटल्सचं १९६७ चं 'सार्जंट पेपर'? रंगीत गणवेशातले चौघे आणि मागे प्रसिद्ध माणसांची दाटी. गांधीजीही त्यात होते. भारतात लोक दुखावतील या भीतीने कंपनीने त्यांना काढायला लावलं. हे कव्हर पीटर ब्लेकचं, असं धडाधड लिहिलं जातं. ते ब्लेक आणि त्याची तेव्हाची पत्नी जॅन हॉवर्थ या दोघांचं आहे. ग्रॅमी पुरस्कारही दोघांच्या नावे आहे. हॉवर्थ कापडाच्या बाहुल्या, कापडी माणसं शिवणारी शिल्पकार. त्या चित्रातली कापडी म्हातारी आणि तिच्या मांडीवरची बाहुली हॉवर्थच्या सुईतून उतरलेली. पण शिवणकाम म्हटलं की त्याला कला म्हणायला लोकांची जीभ अडखळते. रंगाच्या कुंचल्याचं नाव राहतं, सुईचं जातं. त्या गर्दीत बायका फार कमी आहेत हे पुढे हॉवर्थनेच बोलून दाखवलं आणि २००४ मध्ये अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीच्या एका भिंतीवर स्त्रियांना पुरेशी जागा देणारं नवं चित्र इतरांना बरोबर घेऊन उभं केलं.

'मग तुम्हाला आवडतं तरी काय?' विचाराल. आवडतं ना. कॅरोल किंगचं १९७१ सालचं 'टॅपेस्ट्री'. स्वतःच्या घरात, खिडकीशी, अनवाणी बसलेली बाई, समोर मांजर, हातात स्वतः केलेलं भरतकाम. आधी कितीतरी वर्षं ती इतरांसाठी गाणी रचायची, गाजायचे गाणारे. या रेकॉर्डवर तिने आपलीच गाणी आपल्या आवाजात गायली. पंधरा आठवडे ती अमेरिकेच्या यादीत पहिली होती. तिच्या अंगावर ना झगमग, ना चेहऱ्यावर रंग. घरातली बाई घरातच बसलेली, पण मालकीण म्हणून बसलेली. पॅटी स्मिथचं १९७५ चं 'हॉर्सेस' घ्या. पांढरा शर्ट, खांद्यावर काळा कोट, नजर थेट. कंपनीतल्या लोकांना फोटोवर हात फिरवून तिला जरा 'बायकी' करायचं होतं; तिने साफ नकार दिला. जोनी मिचेलने तर स्वतःच्या कव्हरांची चित्रं स्वतःच रंगवली. हिप-हॉपमध्ये १९९८ साली लॉरिन हिलचा चेहरा शाळेच्या लाकडी बाकावर कोरल्यासारखा आला. पोरं कर्कटकाने नावं कोरतात ना, तसा. पॉप, रॉक, लोकगीत, हिप-हॉप अशी वेगवेगळी घराणी ही. चित्रांत साम्य काहीच नाही. साम्य एवढंच की आतला आवाज आणि बाहेरचा चेहरा एकाच बाईचा आहे, आणि कसं दिसायचं हे तिने ठरवलंय.

आता आपल्याकडे या. आपल्याकडे ख्यालगायनाच्या एलपींनी एक मर्यादा पाळली. कव्हरवर गायिका, मांडीवर तानपुरा, मोठं नाव, रागाचं नाव, मागे दोन शब्द माहिती. साधं, पण न्याय्य. मात्र तिथवर पोचायला वेळ लागला. आपल्या शेजारच्या हुबळीच्या गंगूबाई हनगल यांच्या सुरुवातीच्या तबकड्या 'गांधारी' या नावाने निघाल्या होत्या. सिनेमाचं तर विचारूच नका. १९४९ मध्ये 'महल' आला, त्यातलं गाणं घराघरात पोचलं आणि तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे पडद्यावरच्या पात्राचं! लता मंगेशकर हे नाव लोकांनी विचारून विचारून बाहेर काढलं. पुढे एलपी आल्या तरी चित्रपटांच्या कव्हरवर नायक-नायिका ऐसपैस आणि ज्यांच्या गळ्यावर तबकडी विकायची ती नावं बहुधा कोपऱ्यात. लताबाईंची ही गत, तर तुमची-आमची काय?

तुमच्या-आमच्याकडेच येते आता. काही वर्षांपूर्वी मी ज्या महिला मंडळात गाते, त्याची दशलक्षण पर्वानिमित्त स्तवनांची सीडी निघाली. अकरा जणी. तीन महिने दुपारच्या तालमी. सूर्यास्ताआधीचं जेवण वेळेत व्हायला हवं म्हणून कुणी कणीक मळून ठेवून यायची, कुणी नातवंडाला कडेवर घेऊन. दोन चाली आमच्यातल्या एकीने स्वतः बांधलेल्या. सीडी हातात आली. कव्हरवर वर भगवंतांची प्रतिमा; ती हवीच. खाली फेटा बांधलेले देणगीदार, त्यांच्या बाजूला पदाधिकारी. मागे स्टुडिओचं नाव, छपाई करणाऱ्याचं नाव, जेवणाची व्यवस्था पाहणाऱ्यांचंसुद्धा नाव. आणि गाणाऱ्या? 'स्वर : महिला मंडळाच्या भगिनी.' संपलं.

विचारलं तर उत्तर काय मिळालं? 'अक्का, धर्माच्या कामात नाव कशाला पाहिजे? मान कषाय आहे तो.'

या उत्तराला उत्तर द्यायलाच हा लेख आहे. क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय आम्हालाही लहानपणापासून पाठ आहेत. पण मान हा कषाय फक्त बायकांनाच चिकटतो असं कुठल्या शास्त्रात लिहिलंय? नाव छापणं हा मान असेल, तर बस्तीतल्या प्रत्येक पायरीवरच्या, पंख्यावरच्या, पाण्याच्या टाकीवरच्या देणगीदारांच्या नावांचं काय करायचं? ती आधी खरवडून काढू या का? पंचकल्याणकाच्या पत्रिकेत पन्नास नावं असतात तेव्हा कषाय कुठे जातो? पैसे देणाऱ्याचं नाव म्हणजे 'अनुमोदना' आणि कष्ट देणारीचं नाव म्हणजे 'अहंकार', हा हिशेब मला मान्य नाही.

आणि आपली परंपराही तशी नाही. दहाव्या शतकात कर्नाटकात अत्तिमब्बे होऊन गेली. पोन्न कवीच्या शांतिपुराणाच्या हजार प्रती तिने लिहवून घेतल्या आणि वाटल्या. लक्कुंडीला जिनालय बांधलं. हे आज कसं कळतं? शिलालेखात आणि काव्यात तिचं नाव आहे म्हणून. तिच्यासाठी ज्यांनी त्या हजार प्रती बसून लिहिल्या, त्यांची नावं तुम्हाला-मला ठाऊक आहेत का? नाव लिहिलं म्हणून अत्तिमब्बेचं पुण्य कमी झालं नाही. ते लिहिलं नसतं तर मात्र आपल्या मुलींना दाखवायला आपल्याकडे ती उरली नसती.

कुणी म्हणेल, 'आता सीडी कोण घेतं? सगळं मोबाइलवर.' म्हणून तर जास्त काळजी. बारा इंचांचा चौकोन आता अंगठ्याच्या नखाएवढा झाला. एलपीच्या पाठीवर निदान साथीदारांची नावं वाचायला मिळायची. मोबाइलवर त्यासाठी चार ठिकाणी बोट लावत फिरावं लागतं. त्या नखाएवढ्या जागेत जे नाव बसेल तेच उरणार. बीटल्सच्या त्या रस्ता ओलांडणाऱ्या कव्हरच्या दर्शनी बाजूला एकही नाव नाही, याचं समीक्षकांना भारी कौतुक. नाव न छापण्याची चैन ज्यांचं नाव जगाला पाठ आहे त्यांनाच परवडते. आमच्या अकरा जणींना ती परवडत नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मंडळाचं रेकॉर्डिंग ठरलं की तालमीच्या पहिल्याच दिवशी तीन गोष्टी लिहून घ्या, तोंडी नको. एक, गाणाऱ्या प्रत्येकीचं नाव कव्हरवर येईल, आणि तिचं स्वतःचं नाव आधी येईल, 'सौ. अमुक यांची सून' असं नव्हे. दोन, चाल बांधणारीचं, पद लिहिणारीचं, पेटी-टाळ धरणारीचं नाव वेगळं येईल. तीन, कव्हर छापायला जाण्याआधी ते गाणाऱ्यांना दाखवलं जाईल. देणगीदारांचं नाव जरूर छापा, त्यांचे उपकार आहेत. पण गाणाऱ्यांच्या खाली छापा.

एवढं मान्य नसेल तर आपण गायचं नाही. देणगीदारांनी फेटा बांधून स्वतः गावं. आम्ही समोर बसून ऐकू, आणि त्यांचं नाव कव्हरवर मोठ्या अक्षरात छापायला आमची काहीच हरकत असणार नाही.